स्कूटर मध्येच का बंद पडते?

आजोबांची जुनी टू-स्ट्रोक चेतक (२०२० साली आलेली विजेवरची नव्हे हं!) रस्त्यात बंद पडली, की जो तो सल्ला देतो. कुणी म्हणतं स्कूटर आडवी करा, कुणी म्हणतं कार्ब्युरेटर खोला. पण आधी आजोबांना विचारा, ती बंद पडली कशी?

दिवा मालवावा तशी एकदम गप्प झाली, तर पहिला संशय ठिणगीवर. या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. ते जळून प्लगवर काजळी धरते. काजळीचा कण प्लगच्या फटीत अडकला, की ठिणगी पडतच नाही. थोडी काजळी असेल तर गाडी नुसती ‘मिसिंग’ करते.

पण झटके खात, फुरफुरत थांबली, तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय. जेटमध्ये कचरा असेल, नाहीतर टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं असेल. भोकाचा काय संबंध? सरबतात नळी बुडवा, वरचं तोंड बोटानं दाबा आणि नळी उचला. सरबत सांडत नाही! बोट काढा, सांडलं. टाकीतही पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते. झाकण सैल केल्यावर थोड्या वेळानं स्कूटर सुरू झाली, तर चोर सापडला. मग कार्ब्युरेटरचा खर्च कशाला?

नळीचा प्रयोग तुम्ही करा. झाकण आणि प्लग मात्र मोठ्यांनीच उघडायचे, तेही इंजिन थंड झाल्यावर. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.