मीटर कोण वाचतो?

आमच्या डॉर्मिटरीच्या छतावर पाणी तापवणारे सोलर आहेत. पाच वर्षे मी त्याच पाण्याने अंघोळ करतो आहे. मागच्या सत्रात सरांनी सहज विचारले, "त्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे?" वर्गात एकालाही सांगता आले नाही. उत्तर होते, दक्षिणेला. ऊर्जेच्या धड्यात मात्र आम्हा सर्वांना चांगले गुण होते!

तेव्हापासून माझे मत झाले आहे की, शाळेची इमारत नुसती 'ग्रीन' असून भागत नाही. ती आम्हा कॅडेटना वाचता आली पाहिजे.

अशी वाचण्यासारखी एक इमारत आपल्या बेंगळुरूतच आहे. ती शाळेची नाही, डोमलूरच्या 'टेरी' संस्थेचे कार्यालय आहे. वास्तुशिल्पी संजय मोहे यांच्यापुढे अडचण अशी होती की, जागेच्या दक्षिणेला घाण पाण्याचा नाला आणि वाराही तिकडूनच येणारा. त्यांनी इमारतीची पाठच नाल्याकडे केली. दक्षिणेची भिंत बंद ठेवली, तिच्यावर काळा कडाप्पा लावला आणि मध्ये पोकळी सोडली. उन्हाने कडाप्पा तापतो, पोकळीतली हवा गरम होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी उत्तरेकडची स्वच्छ हवा खोल्यांमधून ओढली जाते. अभिसरणाची आकृती आपण वहीत काढतो. तिथे तेच अभिसरण वाऱ्याची झुळूक होऊन अंगाला लागते.

आपली इमारत तशी नसली तरी ती शिकवू शकते. साधी पाण्याची बादली घ्या. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून, सुमारे 500 मीटर चढवून आणावे लागते. 20 लिटरची एक बादली एवढी वर चढवायला सुमारे 98,000 ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्यात 10 वॅटचा एलईडी बल्ब पावणेतीन तास जळेल. पंपात वाया जाते ती वीज वेगळीच. हे गणित मी केले आणि टाकी वाहताना पाहून पुढे निघून गेलो होतो त्या सगळ्या संध्याकाळी मला आठवल्या. टाकी बंद करणे माझे काम नाही, असे मला तेव्हा वाटत असे.

खरी गोम तिथेच आहे. लडाखमध्ये लेहजवळ 'सेकमॉल'चा कॅम्पस आहे. मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडच्या काचा यांच्या जोरावर तो कडाक्याच्या थंडीतही उबदार राहतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: तो कॅम्पस चालवण्याची कामे तिथले विद्यार्थीच वाटून घेतात. जबाबदारी अंगावर आली की नजर आपोआप तयार होते.

काही मित्र म्हणतील, पी.टी., परेड, खेळ, प्रेप, त्यात आणखी एक ड्यूटी कशाला? माझे वडील फौजेत आहेत. मी त्यांना हे विचारले तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या चौकीवर रॉकेलचा डबा पाठीवरून वाहून आणलेला असतो. ज्याने तो एकदा वाहिला, तो बुखारी उगाच जळत ठेवत नाही." आपल्यापैकी अनेक जण उद्या अशाच चौक्यांवर असतील. तिथे इंधन किती दिवस पुरेल, याचा हिशोब अधिकाऱ्यालाच करावा लागतो. ती सवय इथे का लागू नये?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक हाउसला विजेचा आणि पाण्याचा वेगळा मीटर असावा. ड्यूटी कॅडेटने रात्रीच्या रोल कॉलआधी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. पाच मिनिटांचे काम आहे. आठवड्याचे आकडे नोटीस बोर्डावर लागावेत. विज्ञानाच्या तासाला आमच्याच आकड्यांची गणिते द्यावीत. वापर कमी करणाऱ्या हाउसला चॅम्पियनशिपचे गुण मिळावेत. मात्र आजारी कॅडेटच्या गरम पाण्यावर किंवा अभ्यासाच्या दिव्यावर काटछाट करून गुण मिळवले, तर ते कापले जावेत.

मीटर बसेपर्यंत थांबायचेही कारण नाही. टाकी किती वेळ वाहिली, रिकाम्या खोलीत किती पंखे फिरत होते, हे आजही लिहिता येते. पहिला आठवडा आमच्या हाउसला द्या. वही मी आणतो.