स्वेटर कधी घ्यावा?

बालमित्रांनो, एक कोडं घालतो. समजा, डिसेंबरात खामगावच्या बाजारात एक स्वेटर ४०० रुपयांना होता. फेब्रुवारी सरताना तोच ३०० ला मिळाला. लोकर तीच, वीण तीच. मग १०० रुपये गेले कुठे?

दुकानदाराने माल आधीच पैसे मोजून आणलेला असतो. थंडी सरली की उरलेला स्वेटर म्हणजे अडकलेला पैसा. तो मोकळा झाला तर लग्नसराईचं कापड भरता येईल. म्हणून तो नफा सोडतो नि 'सेल'ची पाटी लावतो.

गणवेशाचं मात्र उलटं! आपल्याकडे विदर्भात जूनअखेरीस शाळा उघडतात. सगळ्यांना एकदमच गणवेश हवा. मग दुकानदार भाव कशाला उतरवेल?

खरी अडचण पुढेच आहे. आपला मुलूख कापसाचा. कापूस नेण्यासाठीच तर १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वे आली. कापसाचा पैसा घरात येतो दिवाळीच्या मागेपुढे. जूनमध्ये बियाणं नि खतांनीच खिसा रिकामा होतो. तेव्हा बाबा "गणवेश पुढच्या महिन्यात" म्हणाले, तर रुसू नका. ते कंजूस नाहीत, पेरणी आडवी आलीय.

तुम्ही एवढं करा. वहीच्या मागच्या पानावर महिना, वस्तू नि भाव टिपत जा. पाटीवरची सूट खरी की खोटी, ते तुमची वहीच सांगेल. पुढच्या थंडीचा स्वेटर फेब्रुवारीतच घ्या, जरा ढगळ. तुम्ही वाढणार आहात ना! उरलेले १०० रुपये गणवेशासाठी डब्यात टाका. जूनमध्ये बाबांच्या हातावर ठेवा नि त्यांचा चेहरा बघा!