मेलेली जमीन जिवंत केली कोणी?

नवी मुंबईविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: इथे पूर्वी काहीच नव्हते, खाजण आणि चिखल होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि शहर उभे राहिले! हे वाक्य अज्ञानातून येत नाही, सोयीतून येते. जिथे कोणी नव्हतेच, तिथे कोणाचे काही हिरावले गेले असे म्हणणार कोण?

घणसोली गाव घ्या. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर. खाडीकाठची भातखाचरे निसर्गाने आयती दिली नव्हती. या पट्ट्यात आगरी-कोळ्यांच्या पिढ्यांनी भरतीला मातीचे बांध घातले, पाणी सोडायला उघाड्या बसवल्या, पावसाने खार धुऊन निघेपर्यंत कळ काढली, मग खारे पाणी सोसणारा राता भात लावला. उधाणात बांध फुटला की साऱ्या शिवाराचे पीक जाई. म्हणून दुरुस्तीला सारे उतरत. हाही सरहद्दीचाच मुलूख होता. फक्त इथे समुद्र दिवसातून दोनदा चालून येई.

सरकारला हे ठाऊक होते. १९४८ साली खारजमिनींसाठी खास कायदा झाला होता. तरीही ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेताना या श्रमाचा हिशेब कोणी मांडला? जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण गेले. दि. बा. पाटलांचा तो लढा झाला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडाचे धोरण आले.

आता आपल्याकडे वळू. मेलेली जमीन जो जिवंत करतो, तिच्यावर त्याचा हक्क, हे हदीसमधले तत्त्व आपण जाणतो. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. इमाम शाफईंच्या मते या हक्कासाठी राज्यकर्त्याची परवानगीही लागत नाही. मग हे तत्त्व आपण कोकणात पाळले का? कोकणातल्या खोतांत मुसलमानही होते. १९३३ पासून चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे जमीन पेरली नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. भांडण नेमके याच हक्काचे होते. चिखल वाहिला कुळाने, खंड घेतला खोताने. घरातल्या खोतीच्या सनदा कौतुकाने दाखवणाऱ्यांनी ही हदीसही जवळ ठेवावी.

आज या गावांतल्या वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांना कागदोपत्री 'अनधिकृत' म्हटले जाते. याच शहरात घरे घेतलेले आपण, 'अतिक्रमण' हा शब्द आपल्या वस्त्यांना लागला की संतापतो. तोच शब्द घणसोलीच्या आगऱ्याला लागतो, तेव्हा मात्र गप्प बसतो. आपल्यापुरता मागितलेला न्याय हा न्याय नसतो. तो निव्वळ दावा असतो.