भंगार कुणाचं?

मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार असली की महाविद्यालयाच्या आवारात महिनाभर आधीच हिरवळ उगवते. झाडांना नावांच्या पाट्या लागतात, गांडूळखताच्या खड्ड्याचा कठडा रंगवला जातो, ओल्या-सुक्याच्या डब्यांशेजारी उभं राहून जिओटॅगवाले फोटो काढले जातात. नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाला गुण आहेत, त्यासाठी हा आटापिटा. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री का होईना, अभ्यास झाला तर झाला. पण हरित लेखापरीक्षणाचे हे अहवाल चाळताना एक गोष्ट खटकत राहते. झाडं किती, सौर पॅनल किती, वीज किती वाचली, सगळं असतं. कचरा कोण उचलतं, हे नसतं.

पुण्यात तर हे नसणं फारच नवलाचं. कारण कचरावेचकांच्या हक्काची इथली गोष्ट एका विद्यापीठाच्या आधारानेच सुरू झाली. 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण वस्त्यांमध्ये शिकवायला जात होत्या. तिथल्या बायका पहाटे पोतं घेऊन बाहेर पडायच्या आणि कुंड्या उपसून पुठ्ठा, काच, पत्रा वेचायच्या. बहुतेक दलित, त्यातल्या कित्येक 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या. कुंडीत हात घालण्यापेक्षा घरांतूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर? पण दारात उभं कोण करणार? पाठीवर पोतं दिसलं की चोर समजायची पद्धत. तेव्हा विद्यापीठाने त्यांना ओळखपत्रं दिली.

झाड लावलं नाही, खड्डा खणला नाही. एक कार्ड दिलं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाने पर्यावरणासाठी केलेल्या कामांत हे फार वरचं काम आहे, आणि ते कुठल्याही निकषात बसत नाही.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. घरोघर वेगळा केलेला कचरा मिळू लागला तसं एका उद्योजकाच्या लक्षात आलं की यात पैसा आहे. तो गाडी घेऊन उतरायला निघाला. गाडी स्वच्छ, काम झटपट; वेचणाऱ्या बायांच्या पोटावर मात्र पाय. बायांनी विरोध केला आणि तो बेत मागे पडला. मे 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने मेळावा भरला, आठशेहून जास्त कचरावेचक आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 2008 मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

ती गाडी आज आवाराच्या फाटकातून आत येते, हाउसकीपिंगचं कंत्राट या नावाने. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी शंभर किलोच्या वर कचरा करणारी विद्यापीठं मोठ्या कचरा-उत्पादकांत धरली. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. नियम चांगलाच होता. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्यापायी विहिरींचं पाणी नासताना पाहिलंय, वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत. तिकडे जाणारा एकेक ट्रक कमी झाला तर हवाच आहे. पण त्याच नियमांत कचरावेचकांना सामावून घ्या, असंही लिहिलं होतं. ते वाक्य निविदेत शिरत नाही. भंगार ठेकेदाराचं होतं. बाईच्या वाट्याला येतो नुसता झाडू, किंवा फाटकाबाहेरचा रस्ता.

मुलींच्या वसतिगृहाची तर वेगळीच कथा. वापरलेले पॅड सुक्या डब्यात उघडेच पडतात आणि कुणाच्या तरी हाताला लागतात. ‘स्वच्छ’च्या बायांनी यासाठी साधी मागणी केली होती: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता कळेल. 2013 मध्ये त्यांनी वापरलेले पॅड आणि डायपर थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. गुंडाळायची पिशवी पाकिटासोबत द्यावी, हे नंतर 2016 च्या नियमांत आलं. वसतिगृहांत पोस्टर मात्र अजूनही ‘पृथ्वी वाचवा’चंच असतं.

मध्यंतरी एका महाविद्यालयाच्या हरित समितीत बसायचा योग आला. अहवालाचा मसुदा गुळगुळीत होता. आवारातला कचरा उचलणाऱ्या बाईंना एकदा बैठकीला बोलावू या का, असं मी विचारलं. अध्यक्ष सज्जन गृहस्थ. म्हणाले, “बोलावू की. पण त्यांना विचारायचं काय?” मी कागदावर लिहून दिलं. सुका माल विकून येणारे पैसे कुणाला मिळतात? निवडायला छप्पर आहे का, की पावसात झाडाखाली बसावं लागतं? हातमोजे फाटले की नवे कोण देतं? हात धुवायला साबण कुठे आहे? कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह त्यांना वापरू देतात का?

अध्यक्षांनी कागद नीट वाचला आणि प्रश्न चांगले आहेत म्हणाले. वेळ कमी होता, म्हणून ते परिशिष्टात घालायचं ठरलं.