एकेचाळिसावा वर्ग

'वर्ग' हा शब्द उच्चारला की कामगार चळवळीतील कार्यकर्त्याच्या मनात एक अर्थ उभा राहतो, शिक्षकाच्या मनात दुसरा. व्यापारचिन्हांच्या निबंधकाच्या दप्तरी तिसराच अर्थ आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हे तिन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र येतात, म्हणून या रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे चळवळीने पाहावयास हवे.

फ्रान्समधील नीस येथे १९५७ साली झालेल्या करारातून व्यापारचिन्हांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी आली. आज तीत ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ मालाचे, उरलेले ११ सेवांचे. मोटार बाराव्या वर्गात, तिची दुरुस्ती सदतिसाव्या वर्गात आणि ती कशी जोडावी याचे प्रशिक्षण एकेचाळिसाव्या वर्गात. शाळा, शिकवण्या, नाटक, तमाशा, कुस्तीचे फड हे सारे याच एकेचाळिसाव्या कप्प्यात बसतात. आपल्याकडे १९५८ च्या कायद्याखाली केवळ मालाची चिन्हे नोंदता येत. १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला, तेव्हा सेवेचे नावही नोंदता येऊ लागले. आणि सेवेच्या व्याख्येत बँक, विमा व चिट फंड यांच्या पंक्तीला शिक्षण आणि मनोरंजन येऊन बसले.

शिक्षण आणि करमणूक एका कप्प्यात टाकली म्हणून संतापण्याचे कारण नाही. दप्तराला कप्पे लागतातच. नामांकित संस्थेचे नाव उचलून कोणी भुरटा विद्यार्थ्यांना फसवत असेल, तर त्याला रोखण्याचे साधन असणे इष्टच होय. प्रश्न आहे तो निराळा. नाव ही मालमत्ता झाली. ते नाव ज्यांच्या श्रमावर मोठे झाले, त्यांचे काय झाले?

शिक्षकांचे उदाहरण घ्यावे. बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली 'उद्योग' या शब्दाची व्याप्ती वाढवून शिक्षणसंस्थाही तीत आणल्या. परंतु दहाच वर्षांनी, १९८८ साली, गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले की, शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक 'कामगार' नव्हे; अध्यापन हे उदात्त कार्य आहे. पुढे २००२ साली पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी शिक्षणसंस्था चालवणे हा व्यवसाय मानला, नफेखोरीला मात्र मनाई केली. म्हणजे चालकाच्या बाजूने पाहिले तर तो व्यवसाय, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर उदात्त कार्य! उदात्ततेचा हा बोजा नेहमी पगार घेणाऱ्याच्याच खांद्यावर का पडावा?

या औद्योगिक पट्ट्यात प्रश्न अधिक तीव्र होतो तो प्रशिक्षणाच्या बाबतीत. प्रशिक्षणाची एक चांगली परंपरा येथे होती हे मान्य केले पाहिजे. सुमंत मूळगावकरांच्या काळात टेल्कोने पिंपरीत कारखान्याबरोबरच शिकाऊ उमेदवार घडवण्याची व्यवस्था उभारली आणि तिच्यातून खरोखरीचे कारागीर निर्माण झाले. आता 'ट्रेनी' हा शब्द साखळीवर पूर्ण पाळी काम करणाऱ्या मुलालाही चिकटवला जातो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे अठरावे कलम सांगते की, असा उमेदवार हा कामगार नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तरी 'कामगार' या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा समावेश केला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्यालाही वगळले. तेव्हा मालकाच्या नावाखाली 'प्रशिक्षण' ही नोंदणीयोग्य सेवा ठरते, आणि ती सेवा घेता घेता सुटे भाग जोडणारा मुलगा कामगारही राहत नाही.

याच कायद्यात एक तरतूद मोठी बोलकी आहे. नोंदलेले चिन्ह पाच वर्षे आणि तीन महिने खऱ्या अर्थाने वापरले गेले नाही, तर बाधित व्यक्तीच्या अर्जावरून नोंद रद्द होऊ शकते. नावाची एवढी झडती! कामगार संघटनांनी वेतनकराराच्या वाटाघाटीत हाच प्रश्न माणसाच्या वतीने विचारावा: या मुलाला किती तास शिकवले, कोणी शिकवले, आणि किती तास नुसते उत्पादन काढून घेतले? याचा लेखी हिशेब प्रमाणपत्राबरोबर त्याच्या हाती पडला पाहिजे.

चाकणवरून जाणारा नाशिक रस्ता पुढे नारायणगावला पोहोचतो. तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरी सुपारी ठरवायला येतात. सुपारी ठरते ती फडाच्या नावावर. विठाबाई नारायणगावकर हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई २००२ साली हलाखीत गेल्या, सेवेचे नाव नोंदण्याची सोय होण्याच्या आदल्याच वर्षी. सोय झाली असती तरी त्यांच्या फडातील ढोलकीवाल्याला व नाचणारणीला तिचा काय लाभ झाला असता, हे सांगणे कठीण आहे. मात्र १९९९ च्या कायद्यात सामूहिक चिन्हाचीही तरतूद आहे: संघटना नाव नोंदवते आणि तिचे सभासद ते वापरतात. कारखानदारांचे वकील या कायद्याची पाने कधीच वाचून बसले आहेत. कलावंतांच्या व खासगी शिकवणीतील शिक्षकांच्या संघटनांनी निदान हे एक प्रकरण उघडून पाहावे. व्यक्तीसाठी वा लहान उद्योगासाठी एका वर्गाचे संगणकीय अर्जशुल्क २०१७ च्या नियमांनी ४,५०० रुपये ठरवले. संघटनेला ते दुप्पट, ९,००० रुपये, पडते. वर्गणी काढून भरता येईल एवढी ही रक्कम आहे.