घरचे कुत्रे आणि कुंडीतले विष

मुक्या जनावरास भक्ष्य कोणते व अभक्ष्य कोणते हे उपजतच कळते, अशी आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींची समजूत आहे. गुरांपुरते तीत तथ्य नाही असे नाही. कडवट कण्हेरीच्या ओल्या पाल्यास गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. कुंपणाला व महामार्गाच्या दुभाजकांवर ती लाविली जाते, याचे हेही एक कारण. परंतु कुत्र्याचे तसे नव्हे. विशेषतः दात येत असलेले पिल्लू भुकेपेक्षा खेळाच्या ओढीनेच सापडेल ते चावीत असते, आणि चव कडू लागेपर्यंत काही अंश पोटात गेलेला असतो.

दोंडाईच्यासारख्या खानदेशी गावी वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढला, म्हणजे कुत्रे ओसरीवरील ओल्या कुंड्यांच्या गारव्याला येऊन पडते. रिकाम्या जिवाला मग जवळच्या पानांचा चाळा लागतो. म्हणून त्या कुंड्यांत काय आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.

कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी या दोहोंचे विष हृदयाची गती बिघडविते. कण्हेरीचे पान वाळल्यानेही ते नाहीसे होत नाही. तिच्या डहाळ्या ज्या पाण्यात ठेविल्या, ते पाणीही बाधते. शोभेचा सायकस यकृताचा घात करितो व त्याचे बी सर्वांत घातक. मनीप्लँट आणि डिफेनबॅकिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यांनी तोंडाची आग होऊन लाळ गळते, मात्र प्राणावर क्वचितच बेतते.

याहून फसवी वस्तू म्हणजे कुंड्यांस खत म्हणून घालावयाची एरंडीची पेंड. तिच्या वासाने कुत्रे माती उकरून ती खाते. एरंडीतील रिसिन नामक विष 1888 साली स्टिलमार्क यांनी वेगळे केले. तेल काढिल्यावर ते पेंडीतच उरते. पुरेशी उष्णता दिली तरच नष्ट होते. उलट्या व रक्ताचे जुलाब काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. कुत्रे असलेल्या घरी हे खत न आणणेच शहाणपणाचे.

विषबाधेची शंका येताच तोंडातील पाला काढून तोंड पाण्याने पुसावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. ते मीठच जिवावर उठते. दूध-तुपाच्या उपायांत वेळ न दवडता, चावलेल्या झाडाची डहाळी बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जावे. रात्री-अपरात्री कोठे न्यावयाचे, हे आधीच विचारून ठेवावे.

याचा अर्थ देवाची कण्हेर उपटून टाकावी असा नव्हे. ती परसात, कुत्र्याच्या वाटेबाहेर असावी. ओसरीवर मोगरा, जास्वंद, गुलाब खुशाल असू द्यावेत. छाटलेल्या फांद्या व निर्माल्य त्याच दिवशी उचलावे. मोठ्या कुटुंबात खरी अडचण निराळीच असते: कुत्रे सर्वांचे असते आणि म्हणूनच लक्ष कोणाचेच नसते. हे काम एका माणसाकडे, नाव घेऊन, सोपवावे, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.