दया तुमची, दाणे आमचे?



अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. आजा, बाप आणि नातू मिळून रानात जातात. नातू तिथे नुसता नेम धरायला शिकत नाही. परवाना काढायचा, मारलेल्या हरणाची सरकारदरबारी नोंद करायची, मांस वाया घालवायचे नाही, हेही शिकतो. शिकारीच्या परवान्यांवरील अधिभारातून हरणांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई शेतकऱ्यांना दिली जाते. १९३७ च्या कायद्याने तर बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामी लावला. इतकी शिकार होऊनही तिथली हरणे संपलेली नाहीत.

आमच्याही तीन पिढ्या रानात रात्र काढतात. पण मचाणावर, डबे बडवत! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ म्हणते, उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांच्या शिकारीची लेखी परवानगी देता येते. पण रोह्यांचा कळप कागदाची वाट पाहत नाही. अर्ज टेबलावर असतो, तोवर हरभरा पोटात गेलेला असतो.

आम्हाला शिकारीचा शौक नाही. हरणे जगावीत, हे आम्हालाही मान्य आहे. सवाल एवढाच, त्यांना पोसायचे कोणी? जनावर सरकारचे, तर चाऱ्याचे बिलही सरकारचे! पुरी भरपाई वेळेवर द्या, नाहीतर पीक राखण्याचा हक्क द्या. दोन्ही नाकारणे म्हणजे दया नव्हे. ती शेतकऱ्याची लूट आहे.